बाळंतिणीचं पथ्य आणि शिध्याचा तांदूळ

थायलंड-म्यानमार सीमेवरच्या शोक्लो छावणीत १९८०च्या दशकाच्या अखेरीस म्यानमारमधून आलेल्या करेन जमातीच्या निर्वासितांची तान्ही मुलं भराभर दगावत होती. हजार जन्मांमागे १८३ मुलं वर्षाची होण्याआधीच जात. मृत्यूंचा जोर तिसऱ्या महिन्याच्या आसपास. अंगावर पिणारं, बाळसं धरलेलं मूल अचानक किरकिरू लागायचं, आवाज घोगरा होऊन बसायचा, धाप लागायची आणि काही तासांत हृदय थांबायचं. शोक्लो मलेरिया संशोधन केंद्र १९८६ पासून तिथे काम करत होतं. आलेले मलेरियासाठी, पण यातले सुमारे ४० टक्के मृत्यू बेरीबेरीचे, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाच्या (थायमिनच्या) अभावाचे असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं.

आजार बाळाला, उणीव आईच्या दुधात. करेन बाळंतीण विस्तवाजवळ शेक घेत पडून राहते, गरम पाणी पिते आणि कडक पथ्य पाळते: भात, मीठ, थोडी सुकी मासळी, बऱ्याच भाज्या, फळं वर्ज्य. आपल्याकडची बाजेखालची शेगडी इथे आठवेलच. फरक एवढाच, की आपल्या खात्यापित्या घरातल्या बाळंतिणीच्या वाट्याला डिंक, अळीव, खोबरं, तूप येतं.

पथ्य पिढ्यान्पिढ्यांचं, बदलला होता तो तांदूळ. घरी कांडलेल्या तांदळाला थोडा कोंडा राहतो आणि थायमिन असतं ते त्या कोंड्यात. छावणीत शिध्याला मिळणारा तांदूळ पांढराशुभ्र, पॉलिश केलेला. जोडीला आंबवलेली मासळी आणि सुपारी. त्यांतले घटक पोटात गेलेलं थायमिनही निकामी करतात. कसायला शेत नाही. गावात निभावून जाणारं पथ्य इथे जीवघेणं ठरलं. अशा वेळी अडाणी समजुतींना झोडपणं फार सोपं असतं. मला विचाराल तर दोष शिध्याच्या पोत्याचा जास्त.

उपायही साधाच निघाला. आजारी बाळाला थायमिन टोचलं की मरणाच्या दारातून ते काही तासांत परत येई. आयांना थायमिनच्या गोळ्या देता येत होत्या आणि गोळीला पथ्याची आडकाठी नव्हती. आजार वेळीच ओळखून उपचार होऊ लागल्यावर बालमृत्यूंचं प्रमाण हजारी ७८ वर आलं.

रूढीशी न भांडता वाट काढण्याचा हाच शहाणपणा सुईणींच्या बाबतीतही कामी आला. म्यानमारमधल्या लष्कराच्या १९८८च्या दडपशाहीत देश सोडलेल्या करेन डॉक्टर सिंथिया माँग यांनी १९८९ मध्ये थायलंडमधल्या मे सोत इथे दवाखाना सुरू केला. (२००२चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला.) पुढे पूर्व म्यानमारमधल्या विस्थापितांसाठी २००५ ते २००८ या काळात एक प्रकल्प चालला, त्यातल्या कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण याच दवाखान्यात झालं. तातडीच्या प्रसूतिसेवेत, अगदी रक्त चढवण्यातही तयार झालेल्या कार्यकर्त्या, त्यांच्या हाताखाली आरोग्यसेवक आणि त्यांना जोडून गावातल्या सुईणी, अशी ती साखळी. सुईणीला घरी बसवलं नाही. निर्जंतुक प्रसूती आणि धोक्याच्या खुणा तिला शिकवल्या. प्रशिक्षित हातांनी होणारी बाळंतपणं ५ टक्क्यांवरून जवळजवळ ४९ टक्क्यांवर गेली.

मात्र सगळंच असं सांभाळून घेण्याजोगं नाही. नको असलेला गर्भ पाडण्यासाठी पोट जोरजोरात रगडणं, गर्भाशयात काडी घालणं हे प्रकार सीमेवर चालत आले आहेत. रक्तस्राव होत, जंतुसंसर्ग घेऊन बायका दवाखान्यात पोचतात. इथे गोळी देऊन भागत नाही, कारण वाट अडवली आहे ती कायद्यानं, आणि हा कायदा आपल्याही ओळखीचा आहे. म्यानमारच्या दंडसंहितेचं कलम ३१२ म्हणजे इंग्रजांनी १८६०च्या भारतीय दंडसंहितेत घातलेलं तेच कलम. आईचा जीव वाचवण्यापुरतीच सूट देणारं. भारतानं १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा करून त्यातून वाट काढली. थायलंडनं २०२१ मध्ये बारा आठवड्यांपर्यंत मुभा दिली. म्यानमारमध्ये ते कलम अजून तसंच आहे, आणि ते आहे तोवर पोट रगडणाऱ्या सुईणीला एकटीला गुन्हेगार ठरवणं अन्यायाचं आहे.