नेपथ्यांतील बोलणें

दादरचें शिवाजी मंदिर असो वा गिरगांवांतील साहित्य संघ मंदिर असो, तेथें नाटकास जाण्याचा परिपाठ आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असेल. तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात, पडदा सरतो; पुढें नायिका खिडकी उघडते आणि नेमक्या त्याच क्षणीं वीज चमकून पाऊस कोसळूं लागतो. पाऊस ध्वनियंत्रावरील माणसाचा, वीज प्रकाशयंत्रावरील माणसाची आणि खिडकी नटीची. हीं तिघें तीन ठिकाणीं असतात. मग त्यांचे हात एकाच क्षणीं हलतात ते कोणाच्या सांगण्यावरून? हा प्रश्न आम्हांस तीस वर्षांपूर्वींच पडावयास हवा होता. तो पडला नाहीं, त्याचें काय फळ मिळालें तें पुढें सांगूं.

गेल्या हिंवाळ्यांत आमचा एक माजी विद्यार्थी आम्हांस गिरगांवांतील एका प्रयोगास घेऊन गेला. तो आतां एका नाट्यसंस्थेंत रंगमंच व्यवस्थापक आहे. खेळास दोन तास अवकाश होता. त्यानें आम्हांस प्रेक्षागृहांत न बसवितां विंगेंत आपल्या शेजारीं स्टुलावर बसविलें आणि डोक्यास एक हेडसेट अडकवून दिला. "सर, आज तुम्ही फक्त ऐकायचं," तो म्हणाला. दुसऱ्यांस 'ऐका' म्हणण्यांत पस्तीस वर्षें घालविलेल्या मनुष्यास ही आज्ञा नवीनच होती.

या यंत्रास इंटरकॉम म्हणतात. इमारतींतील इंटरकॉमवर खालचा पहारेकरी एका वेळीं एकाच बिऱ्हाडाशीं बोलतो; येथें सर्वजण एकाच तारेवर असतात आणि एक बोलला कीं सगळे ऐकतात. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें संगीताच्या कर्णकर्कश जलशांत पडद्यामागील माणसांस एकमेकांचें बोलणें ऐकूं येईना. त्या अडचणींतून चार्ली बटन व बॉब कोहेन यांनीं १९६८ सालीं 'क्लिअर-कॉम' ही पद्धति काढली. रचना सोपी आहे. व्यवस्थापकाजवळ मुख्य पेटी असते. तींतून निघालेली केबल एकाच्या कमरेच्या पेटींतून दुसऱ्याच्या पेटीकडे जाते. केबलींत तीन वाटा: एक भूमीची, दुसरीवरून सुमारें ३० व्होल्टची वीज, आणि तिसरीवरून सर्वांचा जाणारा-येणारा आवाज. वीज केबलींतूनच मिळत असल्यामुळें कमरेच्या पेटीस बॅटरी लागत नाहीं.

जोडणी करतांना त्यानें तीन गोष्टींकडे आमचें लक्ष वेधलें. लाइनीवर २०० ओहमचा रोधक एकच असावा. तो नसेल तर आवाज चढून शिट्टी घुमूं लागते, आणि दोन लागले तर सर्वांचे आवाज क्षीण होतात. केबल दिव्यांच्या डिमरच्या तारांपासून दूर न्यावी, नाहीं तर कानांत सारखी गुणगुण येत राहते. तिसरी गोष्ट आम्हांस फार मौजेची वाटली. बोलणाऱ्याचा आवाज त्याच्याच कानीं किती यावा, हेंही कमरेच्या पेटीवर ठरवितां येतें. फार आला तर मनुष्य पुटपुटतो. मुळींच न आला तर ओरडतो.

मग त्यानें एकेकास हांक मारली. "प्रकाश?" "आहे." "ध्वनि?" "आहे." "पडदा?" "आहे." आम्हांस वर्गांतील हजेरी आठवली. फरक एवढाच कीं, उत्तर देतांच प्रत्येकानें आपला माइक बंद केला. आठ जणांचे माइक उघडे राहिले तर आठ जणांचे श्वास, खोकले व भोंवतालचा गलबला एकाच तारेंत मिसळतो, आणि जो शब्द ऐकावयाचा तोच नेमका बुडतो.

खेळ सुरू झाला. संहितेंत प्रत्येक बदलास क्रमांक दिलेला होता. "प्रकाश सतरा, ध्वनि नऊ, तयार." "प्रकाश तयार." "ध्वनि तयार." मग शांतता, या मधल्या वेळांत तारेवर कोणीं चकार शब्द काढावयाचा नाहीं. नटीनें खिडकीच्या कडीस हात लावला. "प्रकाश सतरा, ध्वनि नऊ, सोडा." वीज चमकली, पाऊस आला. कोणाचें काम व कितवें, हें आधीं, क्रियापद शेवटीं, कारण हात हलतो तो क्रियापदावर.

मध्यंतराच्या तोंडावर जड पडदा उतरावयाचा होता, आणि एक नट त्याच्या खालींच रेंगाळला. "पडदा, थांबा," एवढेंच तो शांतपणें म्हणाला. नट सरला, मग "पडदा, सोडा," आणि पडदा उतरला.

"'सोडूं नका' असें कां नाहीं म्हणालास?" आम्हीं मध्यंतरांत विचारलें. तो क्षणभर गप्प राहिला. "सर, ते शब्द मी तीस वर्षांत विंगेत उच्चारले नाहींत."

कारण आम्हांस ठाऊक होतें. शाळेच्या स्नेहसंमेलनांत आमच्या देखरेखीखालीं एक नाटक झालें होतें. रंगविलेला पडदा वेळूच्या दांड्यास गुंडाळलेला, आणि त्याचा दोर धरून आठवींतला हाच मुलगा उभा. आम्ही समोरच्या विंगेंत होतों. एक लहान मुलगा अद्याप रंगमंचावरच आहे असें पाहून आम्ही ओरडलों, "सोडूं नकोस!" त्याच क्षणीं टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिला शब्द दोर धरणाऱ्याच्या कानीं गेला, दुसरा बुडाला. दांडा खालीं आला तो त्या बालकाच्या खांद्यावर. गळ्याजवळचें हाड मोडलें. तें पुढें सांधलें. परंतु दोर सोडणाऱ्या मुलास चारचौघांत दोष मिळाला, आणि तो शब्द उच्चारणारे आम्ही गप्प बसलों.

संस्कृतांत निषेध आधीं ठेवण्याची सोय आहे: 'मा मुञ्च'. पहिल्याच अक्षरास ऐकणारा हात आवरतो. मराठींत 'नको' शेवटीं येतो, आणि शेवट बुडाला कीं मनाईचीच आज्ञा होते. जन्मभर व्याकरण शिकविणाऱ्यास हें उमजूं नये! त्याच्या तारेवरील नियम असा कीं, 'सोडा' हा शब्द सोडण्याच्या क्षणाखेरीज, थट्टेंतसुद्धां, तोंडांतून निघावयाचा नाहीं. इंग्रजी रंगभूमीवरील व्यवस्थापकही 'गो' या शब्दाचें असेंच सोंवळें पाळतात. वाचकांनीं घरींही हा प्रयोग करून पाहावा. जिन्यावरून धांवत सुटलेल्या नातवास 'पळूं नको' म्हणून ओरडण्यापेक्षां 'थांब' म्हणावें.

खेळ संपला. त्यानें तारेवरून सर्वांचे आभार मानले. हेडसेट उतरण्यापूर्वीं आम्हीं त्याची आज्ञा मोडून माइकचें बटण दाबलें. तारेवर प्रकाशवाला, ध्वनिवाला, पडदेवाला सर्व होते. तें बरेंच झालें, कारण दोषही चारचौघांतच मिळाला होता. "त्या संमेलनांत शब्द आमचा चुकला होता. तूं ऐकलेंस तेंच केलेंस," एवढें बोलून आम्हीं बटण बंद केलें.

थोडा वेळ तार नि:शब्द होती. मग त्याचा आवाज आला, "सर, ऐकलं."