पुसलेल्या खुणा : व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचं मैदान

आज बेझनबागेतल्या मिल क्वार्टर्सकडे वळायचं ठरलं होतं. इंदोऱ्याच्या गल्ल्या मागच्या आठवड्यात जिथं सोडल्या, तिथून बेझनबाग पाच मिनिटांवर. पण मधेच उंटखान्यातल्या एका वाचकबाईंचं पत्र आलं, आणि आता हा आठवडा त्यांच्या प्रश्नाचा.

बाई लिहितात : ‘आमचे बाबा छप्पन साली पवनीहून दीक्षेला आले. थोडं पायी, थोडं मिळेल त्या गाडीनं. आपण दीक्षा कुठं घेतली हे सांगताना ते अखेरपर्यंत “व्हॅक्सिनच्या मैदानावर” असंच म्हणायचे. दीक्षाभूमी हा शब्द त्यांना माहीत होता, पण स्वतःची आठवण सांगताना तोंडात यायचं ते व्हॅक्सिनचं मैदान. ही व्हॅक्सिन इन्स्टिट्यूट नेमकी होती कुठं? आणि गेली कुठं?’

१४ ऑक्टोबर १९५६ च्या त्या सोहळ्याबद्दल आपल्याकडे बारीकसारीक तपशील जपलेले आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ११ तारखेला नागपुरात आले, बर्डीवरच्या श्याम हॉटेलात उतरले. १३ तारखेला पत्रकारांशी बोलले. दुसऱ्या दिवशी विजयादशमीच्या सकाळी कुशीनगरहून आलेल्या महास्थविर चंद्रमणींनी त्यांना धम्मदीक्षा दिली आणि मग बाबासाहेबांनी लाखोंच्या समुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. वामनराव गोडबोल्यांची धावपळ, तेव्हाचे उपमहापौर सदानंद फुलझेले यांनी केलेली खटपट, सगळं लिहून ठेवलेलं आहे. जागेचा उल्लेखही प्रत्येक हकिकतीत येतो : श्रद्धानंदपेठेतलं, व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचं चौदा एकरांचं मोकळं मैदान. वाचणाऱ्याचं लक्ष त्या मैदानावर जातं आणि तिथंच राहतं. ते स्वाभाविकच आहे. पण ज्या इमारतीच्या आधारानं पत्ता सांगितला गेला, तिच्याकडे वळून कुणी पाहत नाही. बाईंनी पाहिलं, म्हणून त्यांचे आभार.

अशा वेळी माझी एक आवडती रीत आहे. आजचा नकाशा समोर घ्यायचा आणि त्यातून एकेक वास्तू तिच्या सालाप्रमाणे वजा करत जायची. दीक्षाभूमीचा स्तूप आधी काढा. त्याचं लोकार्पण १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झालं. शेजारचं डॉ. आंबेडकर महाविद्यालय काढा, ते १९६४ चं. बजाजनगरकडे सरकलात की आज ज्याला व्हीएनआयटी म्हणतात ते जुनं व्हीआरसीई लागतं. ते १९६० चं, तेही गेलं. वर्धा रोडच्या अंगाला नीरी, १९५८. म्हणजे छप्पनच्या दसऱ्याला तीही नाही. नागपूर सुधार प्रन्यासाचे लेआऊट कागदावर असतील, काही प्लॉटवर घरं उठली असतील, पण आज रिक्षावाल्याला आपण ज्या खुणा सांगतो त्यातली जवळजवळ एकही तेव्हा उभी नव्हती.

आता उरतं काय? मध्यवर्ती कारागृह, कारण ते एकोणिसाव्या शतकातलं. पलीकडे काँग्रेसनगर, १९२० च्या अधिवेशनाचं नाव घेऊन बसलेलं. काछीपुरा आणि भोवतालच्या भाजीच्या वाड्या. कृषी महाविद्यालयाची शेतं. ते महाविद्यालय १९०६ चं. श्रद्धानंदपेठ हे नावही फार जुनं असू शकत नाही, कारण ज्यांच्यावरून ते पडलं त्या स्वामी श्रद्धानंदांची हत्या डिसेंबर १९२६ मधली. आणि या सगळ्या मोकळेपणात एक सरकारी आवार : व्हॅक्सिन इन्स्टिट्यूट. भंडाऱ्याहून, चांद्याहून, वऱ्हाडातून येणाऱ्या माणसाला स्टेशनवर उतरल्यावर ‘कुठं जायचं?’ याचं उत्तर द्यायला या भागात दुसरी खूणच नव्हती. पवनीच्या बाबांच्या तोंडी तोच शब्द का बसला, हे एवढ्या वजाबाकीनंतर कळतं.

जागेचं उत्तर मात्र सोपं आहे, आणि ते रोज शेकडो नागपूरकरांच्या तोंडात असतं. दीक्षाभूमीला लागून असलेली माता कचेरी. तेच ते आवार.

इथं आज आरोग्य सेवेच्या उपसंचालकांचं कार्यालय आहे, आरोग्य कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे. कामानिमित्त येणाऱ्यांतले कितीतरी जण असं धरून चालतात की इथं कधीतरी मातामायचं देऊळ असावं. विदर्भातल्या गावागावांत शिवेजवळ मातामायचं ठाणं असतंच, त्यामुळे हा तर्क चुकीचा म्हणवत नाही. पण ही माता म्हणजे अंगावर येणारी माता, देवी. या रोगाची लस जिथं तयार व्हायची त्या सरकारी कचेरीला लोकांनी आपलं नाव दिलं. सरकारी पाटीवरचं इंग्रजी नाव पाटीबरोबर गेलं. लोकांचं नाव मात्र आजही पत्रव्यवहारात, बसथांब्यावर आणि सरकारच्याच लेटरहेडवर आहे.

या आवारात काय चालायचं ते सांगायला मला खरं तर दोन भाग लागतील. एकातच बसवतो.

देवीची लस हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ ला. तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला. जेन्नरनं इंग्लंडमध्ये प्रयोग केला होता १७९६ ला, म्हणजे सहा वर्षांत लस बगदाद-बसऱ्यामार्गे इथवर पोचली. तेव्हा ती बाटलीत येत नसे. एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातला द्रव दुसऱ्याच्या दंडावर लावायचा, आठवड्यानं त्याच्यावरून तिसऱ्याच्या. दंडावरून दंडावर. साखळी तुटली की लस संपली. ॲनाच्या दंडावरून निघालेली ही साखळी पुढं पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी देशभर गेली. या पद्धतीत दोन अडचणी होत्या. एकाचा दुसरा रोगही, विशेषतः उपदंश, लसीबरोबर दुसऱ्याच्या अंगात जायचा. आणि कुणाच्या अंगातलं कुणाच्या अंगात घालायचं, यावर जातीपातीत जखडलेल्या समाजात लोक अडून बसायचे.

म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लस जनावरावर वाढवायची पद्धत आली, आणि तिच्यासाठीच प्रांतोप्रांती व्हॅक्सिन इन्स्टिट्यूट उभ्या राहिल्या. काम असं चाले. निरोगी वासरू किंवा रेडकू निवडायचं. आपल्याकडच्या बऱ्याच संस्थांत रेडकंच असत. त्याला काही दिवस वेगळं ठेवून तपासायचं. मग आडवं बांधून पोटावरचे केस भादरायचे, कातडी साबणानं आणि पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायची. धारदार पात्यानं रक्त न येईल इतपत हलके, समांतर ओरखडे काढायचे आणि त्यांत बीजलस चोळायची. सुमारे पाच दिवसांत ओरखड्यांच्या रेघांवर फोडांच्या रांगा उठत. बरोबर त्या वेळेला, फोड पिकून पू धरण्याआधी, चमच्यासारख्या हत्यारानं तो थर खरवडून घ्यायचा. तो गर यंत्रात वाटायचा आणि ग्लिसरीनमध्ये कालवायचा. ग्लिसरीनमध्ये काही आठवडे थंडीत ठेवलं की इतर जंतू मरतात आणि लशीचा विषाणू टिकून राहतो, हे कोपमन या इंग्रज डॉक्टरनं १८९१ मध्ये दाखवून दिलं होतं. शेवटी केसासारख्या बारीक काचेच्या नळ्यांत लस भरायची, नळीची दोन्ही टोकं ज्योतीवर बंद करायची.

आता या कामाला काय काय लागेल ते मनाशी मांडून पाहा. गोठा, आणि आजारी जनावरासाठी वेगळा गोठा. रोजचा हिरवा चारा. भरपूर पाणी. बर्फ किंवा थंड कोठी. आणि गावातल्या साथीपासून दूर असलेली मोकळी जागा. महालात किंवा इतवारीत हे शक्यच नव्हतं. काछीपुऱ्याच्या वाड्यांपलीकडे, कृषी महाविद्यालयाच्या शेतांच्या शेजारी ही संस्था असावी यात मला तरी पुरेपूर शहाणपण दिसतं. आणि पुढं चौदा एकर मैदान मोकळं सापडलं तेही याच भागात, याचं नवल वाटत नाही.

इथून निघालेल्या नळ्या प्रांतभर जात. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं, त्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांच्या मागण्या इथं येत. रेल्वेनं, टपालानं लस जायची आणि पुढं ती खांद्यावर पेटी अडकवून गावोगाव फिरणाऱ्या माणसाच्या हाती पडायची. लोक त्याला देवी डॉक्टर म्हणत. तो आला की बाया पोरांना घेऊन घरात दडत, पाटील दारोदार हाकारत फिरे. टोचण्याचा हंगाम मुख्यतः हिवाळ्याचा, कारण ही पातळ लस उन्हाळ्यात काही दिवसांतच निकामी व्हायची. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात तर विचारायलाच नको. देवी डॉक्टर दंडावर लस लावून त्यावर गोल दातेरी हत्यार दाबून फिरवायचा. ज्या नागपूरकरांची वयं आज सत्तरीच्या पुढं आहेत त्यांच्या दंडावर रुपयाएवढे वण दिसतात, ते त्या हत्याराचे. त्यांतल्या अनेकांच्या अंगात गेलेली लस माता कचेरीतली असणार.

मग संस्था गेली कुठं? यात १९५६ हे साल पुन्हा येतं. दीक्षा झाली १४ ऑक्टोबरला, आणि १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना अमलात आली. अठरा दिवसांत नागपूरचं राजधानीपद गेलं आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. ज्या प्रांतासाठी लस बनायची तो जुन्या रूपात उरलाच नाही. त्याच दिवशी मुंबई राज्याची बेळगावची जुनी व्हॅक्सिन इन्स्टिट्यूट म्हैसूर राज्यात गेली. मला हा योगायोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण संस्थांचा इतिहास लिहिताना आपण संचालकांची नावं शोधतो आणि खाली सरकलेली सीमारेषा विसरतो.

दुसरा धक्का तंत्राचा. १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला आणि लवकरच ध्यानात आलं की पातळ लशीनं हे काम पुरं होणार नाही. गोठवून सुकवलेली लस ३७ अंशांवर महिनाभर टिकते. गावात नेऊन द्रवात कालवली की झालं. अशी सुकी लस बनवायला देशात चार केंद्रं उभी राहिली : नैनितालजवळचं पटवाडांगर, मद्रासचं गिंडी, हैदराबाद आणि बेळगाव. या यादीत नागपूर नाही. नागपुरापुरता रेडकं, ग्लिसरीन आणि काचेच्या नळ्या यांचा काळ तिथंच संपला. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण आसामात सापडला, एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त ठरला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं सगळ्या जगासाठी तेच जाहीर केलं. ज्या रोगासाठी हे आवार आखलं गेलं तो रोगच उरला नाही. आरोग्य खात्याची बाकीची कार्यालयं मात्र तिथं नांदत राहिली.

या आवाराच्या फाटकावर चार ओळींची एक पाटी असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. दर विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरला लाखो माणसं या रस्त्यानं चालतात. आजोबांच्या तोंडून ‘व्हॅक्सिनचं मैदान’ ऐकलेलं एखादं नातवंड त्यांत असतंच. त्याला ते नाव कुठंतरी लिहिलेलं दिसावं.

तोवर एक काम वाचकांकडे सोपवतो. छप्पनच्या दीक्षेचे फोटो अनेक घरांत भिंतीवर आहेत, काहींच्या अल्बमांत छोट्या प्रतीही आहेत. त्यांत आपण नेहमी मंच पाहतो. या वेळी मंचामागचं, गर्दीच्या टोकाला असलेलं काठाकाठाचं चित्र पाहा : कौलारू छपराची लांब रांग, कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी, एखादं मोठं झाड. काही दिसलं तर फोटोची प्रत पाठवा. मूळ फोटो पाठवू नका, टपालाचा भरवसा नको. सावल्या कोणत्या बाजूला पडल्यात तेही कळवा. दीक्षाविधी सकाळचा होता, म्हणजे सावली पश्चिमेकडे असणार आणि तिच्यावरून इमारत मैदानाच्या कुठल्या अंगाला होती ते सांगता येईल. घरातलं कुणी देवी डॉक्टर असेल, किंवा या आवारात गोठ्यावर, प्रयोगशाळेत, बर्फाच्या कोठीवर कामाला असेल, तर त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहून पाठवा. विशेषतः जनावरं कुठून यायची आणि चारा कोण पुरवायचं, हे मला हवं आहे. काछीपुऱ्यातल्या जुन्या घरांनी यात भर घातली तर फारच उत्तम.