मेथी बंद नको, बेतात हवी

हृदयाचा व्हॉल्व्ह बदलून माणूस घरी आला की आधी मेथी-पालकावर गदा येते. ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना? मग पालेभाजी नको!’ सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला अर्धाच बरोबर.

वॉरफेरिन काय किंवा आपल्याकडे सर्रास दिली जाणारी ॲसिनोकुमारॉल काय, त्यांनी रक्त पातळ होत नाही. ते गोठायला जास्त वेळ लागतो. गोठण्याची काही प्रथिनं यकृत बनवतं आणि ती कामाची व्हायला के जीवनसत्त्व लागतं. वापरलेलं के परत कामाला जुंपणारं विकर ही गोळी अडवते. रक्तात आधीपासून फिरणारी प्रथिनं मात्र सावकाश संपतात. सातवा घटक सहाएक तासांत निम्मा होतो, प्रोथ्रॉम्बिनला अडीच-तीन दिवस लागतात. त्यामुळे वॉरफेरिनचा पुरता परिणाम दिसायला पाचेक दिवस जातात.

या गोळ्यांचं मूळ रसायन सापडलं अमेरिकेत, सडलेलं गवत खाऊन रक्तस्रावाने मरणाऱ्या गुरांमुळे. वॉरफेरिन 1948 मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं आणि 1954 मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. फरक मात्रेचा, आणि ती ठरते रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणाऱ्या आयएनआर तपासणीवरून. निरोगी माणसाचा आकडा 1 च्या आसपास, बहुतेक रुग्णांचा 2 ते 3 हवा. मायट्रल जागी धातूचा व्हॉल्व्ह असेल तर सहसा 2.5 ते 3.5. कमी झाला तर गुठळी, वाढला तर रक्तस्राव.

भाजीचं कोडं इथेच सुटतं. पालेभाजीत हेच के जीवनसत्त्व भरपूर असतं. डॉक्टर गोळीची मात्रा तुमच्या नेहमीच्या जेवणावर बसवतात. एरवी पाला न खाणाऱ्याने थंडीत रोज मेथी सुरू केली की आकडा घसरतो. रोज खाणाऱ्याने एकदम सोडली की चढतो. माझ्या मते भाजीपेक्षा जास्त घात करते ती न विचारता आणलेली गोळी. जुलाबावरच्या मेट्रोनिडॅझोलने आयएनआर झपाट्याने वाढतो. गुडघेदुखीच्या आयब्युप्रोफेनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. विसरलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा डोक्याला मार लागला तर थेट हॉस्पिटल गाठावं. दिवस राहण्याचा विचार असेल तर डॉक्टरांशी आधीच बोलावं. या गोळीने गर्भाला व्यंग येऊ शकतं.

ॲपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पथ्यही कमी. पण धातूच्या व्हॉल्व्हवर त्या चालत नाहीत. त्याच पिढीतल्या डॅबिगॅट्रानची अशा रुग्णांवरची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली.