शस्त्रक्रियेनंतरची बद्धकोष्ठता

शस्त्रक्रियेनंतरची बद्धकोष्ठता म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास काही दिवस शौचास न होणे, किंवा मल घट्ट व कोरडा होऊन तो बाहेर टाकण्यासाठी जोर करावा लागणे. हा त्रास बहुधा तात्पुरता असतो.

कारणे

भूल आणि पोटातील हाताळणी यांमुळे आतड्याची हालचाल मंदावते. लहान आतडे साधारणतः २४ तासांत पूर्ववत होते, जठरास एक ते दोन दिवस लागतात, तर मोठे आतडे सर्वांत शेवटी, दोन ते तीन दिवसांनी जागे होते. डॉक्टर फेरीच्या वेळी "वारा सरला का?" असे विचारतात ते याचसाठी. रुग्णास संकोच वाटला तरी या प्रश्नाचे खरे उत्तर महत्त्वाचे असते.

ट्रामाडॉल, मॉर्फिन यांसारखी वेदनाशामके आतड्याच्या भित्तिकेतील ग्राहींवर परिणाम करतात. त्यामुळे मल आतड्यात रेंगाळतो व त्यातील पाणी अधिक शोषले जाते. या औषधांमुळे येणारी गुंगी काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठता मात्र औषध चालू असेपर्यंत टिकू शकते. लोहाच्या गोळ्या, अंथरुणावर पडून राहणे आणि अपुरे पाणी यांमुळे त्यात भर पडते.

व्यवस्थापन

डॉक्टरांनी परवानगी देताच थोडे थोडे चालणे व पाणी पिणे हा पहिला उपाय होय. सिझेरियन झालेल्या बाळंतिणीस पाणी कमी देण्याची प्रथा काही घरांत आढळते. तिने मल अधिकच कोरडा होतो. इसबगोल पाणी शोषून फुगते, म्हणून पुरेशा पाण्याविना ते घेतल्यास अपाय होऊ शकतो. वेदनाशामकांमुळे झालेल्या बद्धकोष्ठतेत लॅक्ट्युलोज किंवा बिसाकोडिल यांसारखी रेचके अधिक उपयोगी ठरतात. आतड्यावर शस्त्रक्रिया झाली असल्यास एरंडेल, रेचक किंवा एनिमा शल्यचिकित्सकाच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

पेठ तालुक्यातील संदर्भ

नाशिक जिल्ह्याच्या पेठ या आदिवासीबहुल तालुक्यात नागली हे परंपरागत अन्न आहे. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात. हे प्रमाण पांढऱ्या तांदळाच्या जवळजवळ चौपट आहे. नेहमीचा आहार सुरू झाल्यावर नागलीची भाकरी त्यामुळे उपयुक्त ठरते. अडचण पाण्याची आहे. पावसाळ्यात भरपूर पाऊस होऊनही उन्हाळ्यात येथील अनेक पाड्यांवर टंचाई असते आणि पाण्याविना तंतुमय आहाराचा लाभ मिळत नाही.

धोक्याची लक्षणे

पोट फुगत जाणे, वारा न सरणे, वारंवार किंवा हिरवट उलट्या, ताप व वाढती पोटदुखी ही साधी बद्धकोष्ठता नव्हे. आतड्याची हालचाल थांबल्याची किंवा त्यात अडथळा आल्याची ती लक्षणे असू शकतात. अशा वेळी घरी रेचक देऊ नये. रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे. पेठहून नाशिकला जाण्याचा मार्ग घाटातून असल्याने रात्र उलटण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवणे योग्य.