दोन फेब्रुवारींमधले झुरिच

स्वित्झर्लंडमधल्या झुरिचने हेरॉइनचा उघड अड्डा दोनदा बंद केला. पहिल्यांदा ५ फेब्रुवारी १९९२ रोजी आणि दुसऱ्यांदा १४ फेब्रुवारी १९९५ रोजी. पहिली बंदी फसली, दुसरी टिकली. मधल्या तीन वर्षांत त्या शहराने जे केले, ते व्यसनाशी झुंजणाऱ्या कोणत्याही नगरपालिकेने बारकाईने पाहावे असे आहे.

पहिला अड्डा म्हणजे प्लाट्सस्पिट्झ ही बाग. मुख्य रेल्वे स्थानकापासून हाकेच्या अंतरावर, राष्ट्रीय संग्रहालयाच्या मागे, लिमाट आणि झील या नद्यांच्या संगमावर. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे दिवसाढवळ्या हेरॉइन विकले जाई आणि तिथेच टोचून घेतले जाई. परदेशी वार्ताहरांनी तिला ‘नीडल पार्क’ म्हटले. एकच सुई अनेकजण वापरत, त्यातून एड्स पसरत होता. तरीही १९८५मध्ये कँटनच्या, म्हणजे तिथल्या राज्याच्या, वैद्यकीय अधिकाऱ्याने स्वच्छ सिरिंज वाटण्यावर बंदी घातली होती. शेकडो डॉक्टरांनी ती जाहीरपणे धुडकावली, तेव्हा ती मागे घ्यावी लागली. पुढे डॉ. पीटर ग्रोब यांच्या पथकाने बागेतच सुया वाटल्या, लसी टोचल्या, श्वास थांबलेल्यांना शुद्धीवर आणले. त्या डॉक्टरांची हिंमत नसती, तर किती तरी तरुण उपचारांच्या दारापर्यंत जिवंत पोहोचलेच नसते.

१९९२मध्ये बागेला कुलूप लागले, पण बाहेर पडलेल्या माणसांनी जायचे कुठे याची सोय पुरेशी नव्हती. गर्दी आसपासच्या वस्त्यांत, घरांच्या जिन्यांत शिरली आणि शेवटी लेटेन या बंद पडलेल्या रेल्वे स्थानकाच्या रुळांवर जमली. विक्रेत्यांच्या टोळ्या आता अधिक हिंसक होत्या. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये अमली पदार्थांनी चारशेहून अधिक बळी घेतले.

या काळातले सर्वात ठळक नाव एमिली लीबरहेर यांचे. १९६९मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी बर्नवर निघालेल्या मोर्चाच्या त्या नेत्या होत्या. १९७०मध्ये झुरिचच्या नगर कार्यकारिणीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि १९९४पर्यंत समाजकल्याण खाते त्यांच्याकडे होते. अतिव्यसनी माणसाला डॉक्टरच्या देखरेखीखाली सरकारनेच हेरॉइन द्यावे, हा त्यांचा आग्रह अनेकांना अघोरी वाटला. १९९४मध्ये तसे उपचार सुरू झाले. त्याच सुमारास प्रतिबंध, उपचार, हानी कमी करणे आणि पोलिसी कारवाई, असे चार खांब धोरण म्हणून मान्य झाले.

म्हणून १९९५मध्ये लेटेन बंद झाले तेव्हा तयारी वेगळी होती. हेरॉइनऐवजी दिले जाणारे मेथाडोन हे औषध सहज मिळत होते. देखरेखीखाली टोचून घेण्याच्या खोल्या, निवारे, कामाच्या जागा उभ्या होत्या. विक्रेत्यांसाठी तुरुंगात जागा केली होती. माझ्या मते निर्णायक गोष्ट मात्र वेगळीच. लेटेनवर येणाऱ्यांपैकी बरेच जण झुरिचचे नव्हतेच. त्यांना आपापल्या गावी परत पाठवले गेले आणि तिथल्या पालिकेने त्यांची जबाबदारी घ्यावी, असे ठरले. शहराच्या नावाने बोटे मोडणाऱ्या गावांना आपलीच मुले पदरात घ्यावी लागली. हे सगळे सक्तीनेच घडले आणि काहींवर त्यात अन्यायही झाला असेल. पण एकट्या शहराला हा भार पेलणे शक्य नव्हते.

परिणाम मोजले गेले. झुरिच कँटनमध्ये १९९०मध्ये सुमारे ८५० जण नव्याने हेरॉइनकडे वळले होते, २००२मध्ये साधारण १५०. लोकांनाही ते पटले. ३० नोव्हेंबर २००८च्या सार्वमतात ६८ टक्के स्विस मतदारांनी हेरॉइन-उपचारासह हे धोरण कायद्यात कायम केले.

तरी काम संपत नाही. शहराच्या मध्यभागातले, देखरेखीखाली अमली पदार्थ घेण्याचे एक केंद्र हलवल्यावर २०२३मध्ये बेकरआन्लागे या बागेत क्रॅक कोकेन ओढणाऱ्यांचा नवा उघडा अड्डा जमला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पालिकेने मध्यवस्तीत तात्पुरते केंद्र पुन्हा उघडले.