प्रमाणपत्र वर्गाची पायरी आणि चिनी त्रिपिटक

मुळशी तालुक्यातील हिंजवडी व लवळे ही नावे आज संगणक-उद्योग आणि खासगी विद्यापीठे यांमुळे सर्वतोमुखी झाली आहेत. या परिसरातील अनेक तरुण पदवी-अभ्यासक्रमाच्या जोडीने जपानी भाषेचा प्रमाणपत्र वर्ग करतात, तो मुख्यतः नोकरीसाठी. त्यात गैर काहीच नाही. परंतु पालीचा विद्यार्थी या वर्गाकडे क्वचितच वळतो, याची आम्हांस खंत वाटते. तेथे काय मिळते व काय मिळत नाही, हे जाणून त्याने वळावे, एवढ्यासाठी हा लेख.

पाली तिपिटक ही एका परंपरेची ठेव होय. अन्य निकायांचे बरेचसे मूळ भारतीय ग्रंथ लुप्त झाले. त्यांतील कित्येक चिनी अनुवादरूपाने उरले. सर्वास्तिवादी परंपरेचा मानला जाणारा मध्यमागम इ. स. ३९७-९८ मध्ये चिनीत उतरला. त्यात २२२ सूत्रे आहेत, तर आपल्या मज्झिमनिकायात १५२. हा भेद कोठे व का पडला, हे पालीपुरते पाहणाऱ्यास कळणे शक्य नाही.

पुण्यात हे कार्य पूर्वी झालेले आहे. फर्ग्युसन महाविद्यालयातील पालीचे प्राध्यापक पु. वि. बापट यांनी चिनीचा अभ्यास करून विमुत्तिमग्ग व विसुद्धिमग्ग यांची तुलना १९३७ साली प्रसिद्ध केली. उपतिस्साचा विमुत्तिमग्ग संपूर्ण स्वरूपात केवळ चिनीतच उपलब्ध आहे. पुढे जपानी विद्वान अकिरा हिराकावा यांच्यासह बापटांनी समन्तपासादिकेशी निकटचे नाते असलेल्या चिनी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला. तो भांडारकर संस्थेने १९७० साली प्रकाशित केला.

आता प्रमाणपत्र वर्गाविषयी. त्यात हिरागाना व काताकाना या दोन लिप्या, सोपे व्याकरण आणि थोडी चित्राक्षरे शिकविली जातात. या लिप्यांतील अक्षरांचा 'अ, इ, उ, ए, ओ, क, स, त, न' हा क्रम आपल्या वर्णमालेच्या प्रभावातून आला आहे. चित्राक्षरे मात्र परिश्रम मागतात. जपानमध्ये नित्य वापरासाठी ठरविलेलीच २१३६ आहेत. पारंपरिक कोशात अक्षर शोधावयाचे तर २१४ मूलांगांची ओळख हवी. ती एकदा झाली, की विमुत्तिमग्गाचे चिनी शीर्षक उलगडते : पहिली दोन अक्षरे 'विमुक्ती', तिसरे 'मार्ग', चौथे 'शास्त्र'. जपानी वाचक तेच 'गेदात्सु-दो-रोन' असे उच्चारतो. उच्चार बदलला, अक्षरे तीच राहिली.

तथापि या पायरीवरून आगम वाचता येत नाहीत. त्यांची भाषा अभिजात चिनी असून तिचे व्याकरण आधुनिक जपानीहून सर्वस्वी भिन्न आहे. त्यासाठी पुढे स्वतंत्र अध्ययन करावे लागते, आणि पाली सूत्र शेजारी ठेवून चिनी सूत्र वाचणे हीच त्याची उत्तम रीत होय.

येथे पालीचा विद्यार्थी इतरांहून पुढे असतो. जपानीतील 'सेत्सुना' म्हणजे आपला 'क्षण'. यजमान किंवा पती या अर्थाचा 'दान्ना' हा शब्द 'दान' या शब्दापासून आलेला. वर्गातील सहाध्यायी हे शब्द परके म्हणून पाठ करील. पालीचा विद्यार्थी ते ओळखेल. ही ओळख वाया जाऊ देऊ नये, अशी आमची विनंती आहे.