काच बाजूला काढा, मग कॅबिनेट बघा!

पीसी बिल्ड करायचं ठरलं की महिनाभर तुमच्या डोक्यात काय चालू असतं, ते सांगायला नको. प्रोसेसर कुठला, रॅम किती, ग्राफिक कार्ड आत्ताच घ्यायचं की पुढच्या सेमला? सगळे आकडे तोंडपाठ. यादीत शेवटी उरतं कॅबिनेट. त्याच्यासाठी खिशात राहिलेले असतात दोन-अडीच हजार आणि निवडायचा निकष एकच, लाइट्स कसले भारी दिसतात यार!

खरं तर अख्ख्या यादीत सगळ्यात जास्त वर्षं टिकू शकते ती हीच वस्तू. इंटेलने एटीएक्सचा आराखडा १९९५ मध्ये आणला आणि मदरबोर्ड बसवायच्या स्क्रूंच्या जागा आजही जवळपास त्याच आहेत. म्हणजे आजचा बोर्ड उद्या बदललात, तरी कॅबिनेट तेच चालेल. फक्त ते तोवर धड राहायला हवं.

आणि ते धड राहील की नाही, हे कुठल्याच स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं नसतं. म्हणून बाकी सगळं ऑनलाइन मागवा हवं तर, पण कॅबिनेट हाताळूनच घ्या. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांसाठी जाताच की! तिथून तपकीर गल्लीपर्यंत पायी जायचं, दुकानात शिरायचं आणि ‘काका, डिस्प्ले पीस उघडून बघू का?’ असं सरळ विचारायचं. बरेच जण उघडू देतात. नाही म्हणाले तर पुढचं दुकान आहेच.

पहिलं काम म्हणजे बाजूची काच उतरवायची आणि मग कॅबिनेट उचलून बघायचं. जड कॅबिनेट म्हणजे दणकट, असा आपला हिशेब असतो. पण ४ मिलिमीटर जाडीची, साधारण ४० बाय ४० सेंटीमीटरची टफन्ड काच एकटीच दीड किलोच्या वर भरते. ती काढली की खाली उरतो तो खरा पत्रा. आता वरच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांना धरून सांगाडा हलका पिळून बघा. करकरला, तिरका झाला, तर समजून जा.

स्वस्त कॅबिनेटचा पत्रा ०.४ ते ०.५ मिलिमीटरचा असतो, जरा बऱ्यातला ०.६ च्या पुढे. दोन दशांशाने काय होतंय, असं वाटेल. मेकॅनिकलवाल्या मित्राला विचारा. सपाट पत्र्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ०.४ चा ०.६ केला तर जाडी दीडपट, पण ताठरपणा तीनपटीहून जास्त. किलोभर वजनाचं ग्राफिक कार्ड लटकवल्यावर हा फरक दिसतो.

पण पत्र्यापेक्षाही मी आधी बघतो ते आटे. कॅबिनेटचे जाड स्क्रू इंचाला ३२ आट्यांचे असतात, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर जवळपास ०.८ मिलिमीटर. आता अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात असा एक पूर्ण आटासुद्धा मावत नाही! म्हणून चांगले बनवणारे भोकाची कड दाबून आत वळवतात आणि आट्यांना जागा करून देतात. बोट फिरवलं तर ती कॉलरसारखी कड लागते. एक स्क्रू हाताने काढा, पुन्हा लावा, असं तीनदा करा. तिसऱ्यांदाही तो सरळ आत जाऊन घट्ट बसला तर ठीक. तिरका शिरतोय किंवा नुसताच गरगर फिरतोय, तर इथेच आटे गेलेत. घरी काय होईल?

घरी काय होतं ते मी भोगलंय. माझ्या पहिल्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्डखालचा पितळी स्टँडऑफ स्क्रूबरोबरच फिरायला लागला. स्क्रू निघेना, बोर्ड निघेना. शेवटी एकाने मागून पक्कड घातली आणि दुसऱ्याने श्वास रोखून स्क्रू ड्रायव्हर फिरवला. सगळे स्टँडऑफ घट्ट आहेत ना, हे चिमटीत धरून तपासायला दुकानात दोन मिनिटं लागली असती.

कॅबिनेट उघडंच आहे तर आतल्या कडांवरूनही बोट फिरवा, पण जपून. कड दुमडलेली असेल तर उत्तम. नुसती कापून सोडली असेल तर एसएमपीएस बसवताना हात कापून घ्याल आणि पावसाळ्यात गंजाची सुरुवातही बहुधा तिथूनच होईल. मागच्या पट्ट्या स्क्रूने लावलेल्या आहेत की पिळून तोडायच्या, तेही बघा. तोडलेली पट्टी परत बसत नाही. जुन्या वाड्यात खोली घेऊन राहत असाल, तर त्या फटीतून कोण कोण मुक्कामाला येतं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

हवेसाठी मोबाइलचा टॉर्च पुरतो. पुढच्या पॅनेलच्या आतून लावा आणि बाहेरून बघा. जाळीतून उजेड आला तर हवाही येईल. पुढे अख्खी काच आणि कडेला बोटभर फट असेल, तर चार पंखे लावूनही ते एकमेकांचीच गरम हवा फिरवत बसतील. पंख्यांची पिनही विचारा. थेट मोलेक्सवर चालणाऱ्या पंख्यांचा वेग मदरबोर्डला कमी करता येत नाही. रात्री दोन वाजता रूममेट काय बोलेल, ते तुम्ही बघा.

‘एसएमपीएस आतच येतो, वेगळा घ्यायला नको,’ असं सांगितलं तर स्टिकर वाचा. वर ४५० वॅट लिहिलेलं असतं, पण आजचा पीसी मुख्यतः १२ व्होल्टवर चालतो. त्या रकान्यात समजा १६ अँपिअर असेल, तर १२ गुणिले १६, हाती आले १९२ वॅट. ऑफिसच्या कामाला चालेल, ग्राफिक कार्डला नाही. पाचशे रुपये वाचवायचेच असतील तर लाइट्समध्ये वाचवा, इथे नको.

एक दोष मात्र कॅबिनेटच्या माथी उगाच मारला जातो. हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. खोलीत अर्थिंग नसेल किंवा थ्री-पिनला टू-पिनचा जुगाड लावला असेल, तर बॉडीवर साधारण निम्मा म्हणजे शे-सव्वाशे व्होल्टचा दाब येतो. करंट अगदी किरकोळ असतो, पण टेस्टर लावला तर दिवा मिणमिणतो. कॅबिनेट बदलून हे जाणार नाही. घरमालकांना अर्थिंग करून द्यायला सांगा. झिणझिण्या नाही, चक्क झटका बसला, तर मात्र भिंतीवरचं बटण बंद करून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

घासाघीस झाली, जीएसटीचं बिल घेतलं, की न्यायचा प्रश्न येतो. खोक्यातला थर्माकोल काढू नका आणि गाडीवर मागे कोणीतरी धरून बसा. रूमवर पोचल्यावर काच काढाल तेव्हा ती फरशीवर कोपऱ्यावर टेकवून उभी करू नका. टफन्ड काच मधोमध बुक्की सहन करते, पण टाइलवर कोपरा टेकला तर क्षणात तिचे हजार तुकडे होतात. आधी पलंगावर चादर पसरा आणि काच तिच्यावर आडवी ठेवा.